हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल ८ वर्षांच्या मुलीला अख्खी गिळायला कशी शिकवायची?

पळसफूल

नमस्कार. मुलगी ८ वर्षांची, वजन २५ किलो, सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार). डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया ५०० मिग्रॅची एक कॅप्सूल रोज रात्री सांगितली आहे, सोबत फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिडची गोळी ती चावून खाते. कॅप्सूल मात्र जिभेवर ठेवली की उमासे येतात आणि ती थुंकून टाकते. दोन आठवडे कॅप्सूल उघडून पावडर मधात कालवून दिली. औषधाच्या दुकानात कळलं की ही कॅप्सूल उघडायची नसते. जूनमध्ये ती आश्रमशाळेत परत जाईल, तिथे रोज कोण कालवून देणार? अख्खी गिळायची सवय कशी लावायची, सरावाला काय वापरायचं, किती दिवस धरायचे, हे नेमकं सांगा. घरात तिची काकू गरोदर आहे, हेही सांगून ठेवते.

खलबत्ता

ताई, काकूंपासूनच सुरुवात करतो, कारण ते सगळ्यात निकडीचं आहे. हायड्रॉक्सियुरिया हे पेशींची वाढ रोखणारं औषध आहे. मुलीला त्याचा फायदाच होतो, पण ज्यांना ते लिहून दिलेलं नाही त्यांच्या हाताला किंवा श्वासात त्याची पावडर जायला नको, गरोदर बाईच्या तर मुळीच नको. काकूंनी या कॅप्सूलला, बाटलीला, त्या चमच्या-वाटीलाही हात लावू नये. देणाऱ्याने वापरून फेकायचे हातमोजे घालावेत, आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पावडर सांडलीच तर झाडू मारू नका, झाडूने ती हवेत उडते. ओल्या कागदाने टिपा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि टाका. ज्या वाटीत आतापर्यंत कालवत होतात ती घासून बाजूला ठेवा, स्वयंपाकात परत आणू नका.

दुसरं, उघडायची नाही म्हणून डोस बंद करू नका. गिळायला शिकेपर्यंत कसं द्यायचं ते आजच तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. काही ठिकाणी पाण्यात विरघळवून देण्याची ठरलेली पद्धत असते. ती त्यांच्याकडून लिहून घ्या, किती पाणी, कशात, कोणी, सगळं. मधात कालवण्यात आणखी एक खोट आहे: थोडं औषध वाटीला राहतं, थोडं चमच्याला, आणि आज किती पोटात गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. या औषधाचा डोस वजनावर आणि रक्ताच्या तपासण्यांवर बसवतात, त्यामुळे रोजचं प्रमाण सारखं राहायलाच हवं.

आता सरावाचं सामान. तत्त्व एकच: चुकून घशात अडकलं तर जे आपोआप विरघळेल तेच वापरायचं. म्हणून शेंगदाणा, फुटाणा, वाटाणा, कच्चा साबुदाणा नाही. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर दुर्बिणीने काढावा लागतो. संक्रांतीचा हलवाही नको, त्याचे काटे टाळ्याला टोचतात आणि मूल पहिल्याच दिवशी बिथरतं.

होमिओपॅथीच्या दुकानात औषध न टाकलेल्या साध्या साखरगोळ्या मिळतात, त्या नंबरावर असतात. दहा गोळ्या ओळीने लावल्या की जितके मिलिमीटर भरतात तो नंबर. म्हणजे १० नंबरची गोळी १ मिमी, २० ची २ मिमी, ३० ची ३ आणि ४० ची ४ मिमी. शिकवण्यासाठी इतकी चोख चढण दुसऱ्या कशात मिळत नाही. "कोऱ्या गोळ्या, औषध न घातलेल्या" असं स्पष्ट सांगून घ्या. त्यानंतर टिकटॅक, त्या छोट्या लांबट पेपरमिंट गोळ्या. मग रिकाम्या कॅप्सूल, याही औषधांच्या घाऊक दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. यात नंबर उलटा चालतो: ४ नंबर सुमारे १४ मिमी लांब, ३ नंबर १६, २ नंबर १८, १ नंबर १९ आणि ० नंबर जवळजवळ २२ मिमी. घरची कॅप्सूल बाटलीतून न काढता बाहेरूनच पट्टी धरून अंदाजे मोजा आणि तेवढ्यापर्यंतची चढण विकत घ्या. जिलेटीनचं कवच प्राण्यांपासून बनतं. तुम्हाला चालत नसेल तर शाकाहारी कवचाच्या मागा, त्या वेगळ्या मिळतात.

फॉलिक ॲसिडची गोळी तिने चावली तरी काही बिघडत नाही, म्हणून तीच मधली पायरी करा. पिवळी, लहान गोळी. टिकटॅक जमलं की रोजचा तो डोस अख्खा गिळायला द्या. जमला तर ते खरं औषध गेलं, नाही जमला तर चावून घेतलं, नुकसान काहीच नाही. फक्त सरावासाठी म्हणून जास्तीच्या गोळ्या देऊ नका.

जीभ_टाळू

ताई, एक गोष्ट आधी विचारते, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मुलीला कधी झटका, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं असं झालं होतं का? सिकलसेलमध्ये लहान वयातही मेंदूचा झटका येऊ शकतो, आणि त्यानंतर गिळण्याच्या स्नायूंचा ताल बिघडलेला असू शकतो. साधं पाणी पिताना खोकला येत असेल, जेवताना आवाज ओलसर, घरघरता होत असेल, तर घरी सराव सुरू करू नका. आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. यातलं काही नसेल तर पुढचं वाचा.

मुलीचा घसा लहान आहे म्हणून हे अडत नाही. वरण-भाताचा जो घास ती गिळते तो त्या कॅप्सूलपेक्षा मोठा असतो. अडतं ते असं: न चावलेली टणक वस्तू गिळायची नाही, हे जिभेला बाळपणापासून पक्कं शिकवलेलं असतं. कॅप्सूल जिभेवर आली की जीभ तिला पुढे ढकलते. तो हट्ट नाही, ती जिभेची सवय आहे आणि ती मोडायला पायऱ्या लागतात. म्हणून "इतकी मोठी झालीस, एवढंसं गिळता येत नाही" हे वाक्य घरात कुणीही बोलू नये, आजीनेसुद्धा.

बसणं: पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. खाली बसत असाल तर पाटावर मांडी घालून, पाठीला भिंत. टीव्ही बंद, बोलणं-हसणं बंद. नाक चोंदलं असेल त्या दिवशी सुट्टी, कारण गिळताना क्षणभर श्वास थांबतो आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला तो थांबवता येत नाही. वेळ जेवणानंतर नको, दोन जेवणांच्या मध्ये, १० मिनिटांच्या आत आटपेल एवढाच.

आधी नुसतं पाणी. दोन घोट, तोंड आणि घसा ओला व्हायला. कोरड्या जिभेला गोळी चिकटते. मग सगळ्यात लहान साखरगोळी तिनेच तिच्या बोटाने जिभेच्या मधोमध ठेवायची. तुम्ही ठेवू नका. दुसऱ्याचं बोट जिभेच्या मागच्या भागाला लागलं की उमासा हमखास येतो. गोळी ठेवली की लगेच पाण्याचा एक घोट, दोन-तीन चहाचे चमचे मावतील एवढा. गाल फुगवून भरलेलं पाणी एका दमात गिळता येत नाही, ते दोन वेळा जातं आणि गोळी दुसऱ्या वेळेसाठी मागे राहते. घोट घेतला की ओठ बंद, नजर समोर, गिळ. गिळल्यावर आणखी एक घोट. मग आरशासमोर "आऽऽ" करून जिभेखाली आणि गाल-हिरड्यांच्या फटीत बघायचं. लहान गोळ्या तिथेच लपतात.

एका मापाच्या पाच गोळ्या एकाच बैठकीत, न अडता, न खोकता गेल्या की पुढचं माप दुसऱ्या दिवशी. दोनदा चुकलं की एक माप खाली या, तिथे एक गिळू द्या आणि उठा. बैठक नेहमी जमलेल्या मापावर संपवायची. काही मुलं तीन-चार दिवसांत टिकटॅकपर्यंत पोचतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. एप्रिल-मे हाताशी आहे, घाई नाही.

डोकं कसं धरावं याबद्दल कॅनडातल्या कॅलगरीत मुलांसोबत काम झालं आहे, ते २०१० मध्ये छापून आलं. मुलाने लहान गोळी पाच तऱ्हांनी गिळून बघायची: डोकं सरळ, थोडं वर, खाली, डावीकडे वळवून, उजवीकडे वळवून. जी तऱ्हा सोपी वाटेल ती त्याची. मुलांना हे आवडतं, कारण निवड त्यांची असते. तुमच्या कॅप्सूलसाठी मात्र मान वर करणं बाद धरा. का, ते खाली कुणी ना कुणी विचारेलच, तेव्हा सांगते.

आणि एक हात जोडून विनंती. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण आपल्याकडे औषधाच्या बाबतीत शब्दशः पाळली जाते. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात गोळी कोंबू नका. हुंदक्यानंतर जो खोल श्वास आत येतो तोच गोळी श्वासनलिकेत ओढून नेतो.

मोहफूल

एवढं सगळं कशाला? पिकलेल्या केळ्याच्या तुकड्यात कॅप्सूल दडवून द्यायची. नाहीतर शिकरणात. मूल गपकन गिळून टाकतं.

जीभ_टाळू

मोहफूल, केळं वाईट नाही, दडवणं वाईट. मुलाला माहीत नसेल तर ते केळं चावणार, आणि चावली तर कवच फुटून हीच पावडर तोंडात सुटणार. पुढे आठवडाभर केळंही बंद होतं, आणि "आई जेवणात काहीतरी टाकते" हा संशय बसतो तो वेगळाच. तिला सांगून, दाखवून, चमचाभर कुस्करलेल्या केळ्यावर किंवा आमरसावर कॅप्सूल ठेवून "हे चावायचं नाही, सरकवायचं" असं केलं तर पाण्यापेक्षा सोपं जातं, कारण दाट पदार्थ कॅप्सूलला सोबत घेऊन जातो. पण तेही साखर भरलेल्या कॅप्सूलवर पाच वेळा जमल्यानंतरच.

खलबत्ता

याला जोडून: दही-दूध सगळ्या औषधांना चालत नाही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लोहाच्या गोळ्या, थायरॉईडची गोळी यांना दुधा-दह्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. हायड्रॉक्सियुरियाला जेवणाचं बंधन नाही. दुसरं कुणी हा धागा वाचत असेल तर हेही लक्षात ठेवा की ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर किंवा क्रोनो असं लिहिलेलं असतं ती कुटायची नसते. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम सुटतं. पँटोप्रॅझोलसारख्या गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं, ते फोडलं की औषध पोटातच वाया जातं. टीबीच्या मुलांसाठीच्या गोळ्या मात्र पाण्यात विरघळवून द्यायच्याच बनवलेल्या असतात, तिथे हा सगळा खटाटोप लागत नाही.

पळसफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. झटका वगैरे कधी झालेला नाही, पाणी नीट पिते. डॉक्टरांशी बोलले, तोवर कसं द्यायचं ते त्यांनी लिहून दिलं, आणि ते काम आता तिचे बाबा हातमोजे घालून करतात. आज आठवा दिवस. ४० नंबर आणि टिकटॅक जमलं, फॉलिक ॲसिड कालपासून अख्खी गिळते. ४ नंबरच्या रिकाम्या कॅप्सूलला मात्र गाडी अडली. पाणी जातं, कॅप्सूल जिभेवरच. तीन वेळा तसंच झालं, चौथ्या वेळी ती टाळ्याला चिकटून बसली आणि मुलगी रडली. मान मागे टाकून बघितलं, तरी तेच.

जीभ_टाळू

आठ दिवसांत टिकटॅक म्हणजे छान चाललं आहे. हे अडणं ठरलेलंच होतं, कारण इथे वस्तूचा स्वभावच बदलतो. साखरगोळी आणि टिकटॅक पाण्यापेक्षा जड, ती बुडतात आणि जिभेवरून मागे घरंगळतात. कॅप्सूलमध्ये हवा असते, ती तरंगते. मान मागे टाकली की तोंडात दातांकडची बाजू उंच होते, आणि कॅप्सूल पाण्यावर तरंगत तिकडे, म्हणजे ओठांकडे जाते. पाणी मागून निघून जातं, कॅप्सूल पुढे राहते. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. एक पारदर्शक बाटली पाण्याने काठोकाठ भरा, त्यात कॅप्सूल टाकून झाकण लावा, बाटली आडवी धरून पुढे-मागे कलवा आणि मुलीला दाखवा. कॅप्सूल नेहमी वर उचललेल्या टोकाकडे जाते हे तिने डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सांगणं सोपं होईल.

मग उलट करायचं. कॅप्सूल जिभेवर लांबीने, एक टोक ओठांकडे आणि एक घशाकडे. आडवी नको. मध्यम घोट घ्यायचा, ओठ बंद, मग हनुवटी छातीकडे झुकवायची आणि झुकलेल्या मानेनेच गिळायचं. आता घशाकडची बाजू उंच झाली, कॅप्सूल तरंगत तिकडेच जाते. जर्मनीत हायडेलबर्गला २०१४ मध्ये प्रौढांवर हेच तपासलं होतं, आणि मान झुकवून कॅप्सूल गिळणं बहुतेकांना नेहमीपेक्षा सोपं गेलं. मुलांनाही ते जमतं. फक्त आधी दोन दिवस नुसत्या पाण्यावर मान झुकवून गिळायचा सराव द्या, नाहीतर पहिल्या वेळी पाणी नाकात येऊन ती घाबरेल.

त्याच अभ्यासात चपट्या गोळ्यांसाठी वेगळी युक्ती होती: मऊ प्लास्टिकची पाण्याची बाटली भरून घ्यायची, गोळी जिभेवर, ओठ बाटलीच्या तोंडाला घट्ट, आणि हवा आत न जाऊ देता ओढून गिळायचं. बाटली चेपली जाते. फॉलिक ॲसिडला ती वापरा, कॅप्सूलला नको.

टाळ्याला चिकटलं त्याचं कारण वेळ. कवच ओलं झालं की काही सेकंदांत चिकट होतं. जिभेवर ठेवणं आणि घोट घेणं यात "एक, दोन" एवढंही मोजू देऊ नका. पाण्याचा पेला आधीच दुसऱ्या हातात हवा. पुष्कळ घरांत कॅप्सूल तोंडात जाते आणि मग पाणी शोधलं जातं.

खलबत्ता

आणि रिकामी कॅप्सूल नुसती देऊ नका. ती खऱ्या कॅप्सूलपेक्षा कितीतरी हलकी असते, दातांत आली की चेपते. पिठीसाखर भरून, टोपी टक् असा आवाज येईपर्यंत दाबून द्या. भरलेली कॅप्सूल हाताळायला खऱ्यासारखी लागते. कोरड्या हाताने भरा आणि त्या बैठकीला लागतील तेवढ्याच भरा, राहिलेल्या दमट हवेत मऊ पडतात. सरावाच्या कॅप्सूलचा डबा आणि औषधाची बाटली कधीही एका फळीवर नको. औषध वर, कुलपात. घरातल्या कुणीही औषधाला "चॉकलेट" म्हणू नये. धाकटं भावंड असेल तर हे दुप्पट पाळा. चार वर्षांखालच्या मुलाला हा सरावही देऊ नका.

सिस्टर_इंचार्ज

अडल्यासारखं वाटलं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही. मूल बोलू शकतंय, जोरात खोकतंय, तर त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणीही देऊ नका. खोकला थांबला की दोन-तीन घोट पाणी आणि मऊ भाकरीचा किंवा केळ्याचा एक घास. गोळी खाली गेली तरी घशात काहीतरी असल्याची जाणीव थोडा वेळ राहते, हे मुलीला सांगून ठेवा. आवाज फुटत नाही, खोकला बसलाय, ओठ निळे पडताहेत, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर ५ दाब, हे आळीपाळीने, आणि दुसऱ्या माणसाने १०८ लावायचा. एक वर्षावरच्या मुलासाठी ही पद्धत आहे. सराव घेणाऱ्या माणसाला हे आधी येत असावं.

खरी कॅप्सूल पहिल्यांदा देताना ती झोपेच्या तोंडावर नको. वेळ रात्रीची आहे, पण पेंगुळलेलं मूल कॅप्सूल अर्ध्यावर धरून ठेवतं. जेवणाआधी बसवा, वेळ थोडी पुढे-मागे करायची तर डॉक्टरांना विचारा. गिळून झालं की पेलाभर पाणी आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. या मुलांना तसंही दिवसभर भरपूर पाणी हवंच, त्यामुळे तो पेला वाया नाही. कॅप्सूल घेतल्यावर उलटी झाली तर मनाने दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा नाही.

आश्रमशाळेचं आत्तापासून बघा. अधीक्षिकेला भेटून एका कागदावर लिहून द्या: औषधाचं नाव, ५०० मिग्रॅ, रोज एक, किती वाजता, अख्खी गिळायची, उघडायची-चावायची नाही, हात न लावता बाटलीच्या झाकणात काढून द्यायची. बाटली कुलपात. ताप आला, तोंड आलं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना. हे औषध चालू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून रक्ताच्या तपासणीच्या तारखाही त्याच कागदावर. सिकलसेलचं कार्ड सोबत. कागदाची एक प्रत मुलीच्या दप्तरात. आठ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या औषधाचं नाव आणि "उघडायची नाही" एवढं पाठ असायला हवं, बदलीवर आलेली नवी बाई कॅप्सूल फोडायला निघाली तर तिला अडवणारी तिथे तीच असेल.

शाळा उघडायच्या आधी दोन आठवडे घरी रोज तिच्याच हाताने, स्टीलच्या साध्या पेल्याने गिळू द्या. घरची नळीची बाटली तिथे नसेल, पेला असेल.

पळसफूल

बाटलीत कॅप्सूल तरंगवून दाखवली, तिने स्वतः चार वेळा बाटली कलवून पाहिली. साखर भरलेली ४ नंबर मान झुकवून आज दोनदा गेली. रविवारी अधीक्षिकाबाईंना भेटायला जाते, कागद तयार करते आहे.